क्लेम पास झाला, तरी खिशातून पैसे का गेले?

गॅरेजचं बिल झालं ४३,००० रुपये. विमा कंपनीने त्यातले ३०,५०० दिले. उरलेले १२,५०० आपण भरले, तेव्हा कुठे किल्ली हातात पडली. काउंटरपलीकडचा माणूस ‘फाइल चार्ज आणि डेप्रिसिएशन’ एवढंच सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आपण गाडीत बसून विचार करत राहतो, की दरवर्षी न चुकता ‘फुल इन्शुरन्स’ भरला, मग हे साडेबारा हजार कसले?

माझ्या पहिल्या क्लेमच्या वेळी आकडे वेगळे होते, प्रश्न मात्र हाच होता. गॅरेजवाल्याने फसवलं असंच मला वाटलं. घरी येऊन पॉलिसीचे कागद पहिल्यांदा शांतपणे वाचले, तेव्हा दिसलं की कापलेल्या प्रत्येक रुपयाचा नियम त्यात छापलेला होता. विमा घेताना तो मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. तेव्हापासून घरात कुणी गाडी घेतली की मी एवढंच सांगतो: प्रीमियम किती हे नंतर विचार. आधी हे विचार, की गाडी ठोकली तर माझ्या खिशातून किती जातील? या प्रश्नाचं उत्तर भारतातल्या पॉलिसीत कसं शोधायचं, ते इथे सांगतो.

आधी ‘फुल इन्शुरन्स’ या शब्दाचा गुंता सोडवू. ज्याला आपण फुल किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो, त्या पॉलिसीचे खरं तर तीन वेगवेगळे भाग असतात आणि तिघांचे नियम निराळे असतात.

पहिला थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १४६नुसार एवढा विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. १ सप्टेंबर २०१८पासून नवीन कार विकतानाच तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा द्यावा लागतो, कारण लोक दुसऱ्या वर्षी नूतनीकरणच करत नव्हते आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. या भागाचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढच्या इंजिनाला ७,८९७ रुपये असा दर होता, वर जीएसटी. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं कुणी म्हणालं, तर कोटेशनच्या बाकीच्या ओळी नीट बघाव्यात.

या भागाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल, ती कंपनी भरते. कमावता माणूस गेला असेल, तर ती रक्कम लाखांच्या पुढे जाते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी कारसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे. आणि या भागात ग्राहकाला आपला वाटा भरावा लागत नाही. डिडक्टिबल (क्लेममधला आपला ठरलेला वाटा), घसारा (म्हणजेच डेप्रिसिएशन, वापराने उतरलेली किंमत), काहीही नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं संरक्षण इथे पूर्ण आहे. चालकाकडे योग्य लायसन्स नसेल, तर न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतात आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणून बिनलायसन्सच्या पोराच्या हातात किल्ली देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की ती वसुली घरादारावर येऊ शकते.

दुसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. १५ लाखांचं संरक्षण, तेही गाडीच्या मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. १ जानेवारी २०१९पासून हे संरक्षण वेगळं घेता येतं. घरात दोन गाड्या असतील आणि एकीवर किंवा स्वतंत्र पॉलिसीत ते असेल, तर दुसऱ्या गाडीवर पुन्हा घ्यायची गरज नाही. एजंट हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

तिसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला कागदावर ‘ओन डॅमेज’ म्हणतात. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, दंगल, दरड, हे सगळं यात येतं. हा भाग कायद्याने सक्तीचा नाही. याचे दर १ जानेवारी २००७पासून खुले झाले आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला भाव लावते. खिशातून पैसे जाण्याचा सगळा मामला याच भागात घडतो, म्हणून यापुढे आपण इथेच थांबणार आहोत.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधली तुमची ठरलेली रक्कम. नुकसान मोजून झालं, काय द्यायचं काय नाही ते ठरलं, की शेवटी त्यातून ही रक्कम वजा होते आणि उरलेले पैसे कंपनी देते. काही पॉलिसींवर त्याला ‘एक्सेस’ म्हणतात, गॅरेजमध्ये त्यालाच ‘फाइल चार्ज’ म्हणतात. त्या नावामुळे घोटाळा होतो. फाइल तयार करायचे पैसे गॅरेज घेतं असं लोकांना वाटतं आणि ते तिथे वाद घालतात. वास्तविक ती रक्कम कंपनीने आपल्या भागातून वगळलेली असते आणि गॅरेज फक्त ती आपल्याकडून वसूल करतं.

याचे दोन प्रकार आहेत. सक्तीचा डिडक्टिबल १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये. तो टाळता येत नाही. दुसरा ऐच्छिक. ‘माझ्या नुकसानीतले पहिले पाच हजार मी सोसतो, तुम्ही प्रीमियम कमी करा’ असा तो सौदा असतो. तो सक्तीच्या वर मिळवला जातो, त्याऐवजी नसतो. म्हणजे छोट्या कारला पाच हजारांचा ऐच्छिक घेतला, तर प्रत्येक क्लेममध्ये सहा हजार तुमचे.

‘प्रत्येक क्लेममध्ये’ हे शब्द मुद्दाम लिहिले. आरोग्य विम्याच्या काही योजनांमध्ये वर्षाला एकदाच कापली जाणारी रक्कम असते, त्यामुळे इथेही तसंच असेल असा समज होतो. तसं नाही. जूनमध्ये बंपर गेला आणि नोव्हेंबरमध्ये दार चेपलं, तर दोनदा कापणार. आणि गॅरेजमधून कधी कधी सल्ला मिळतो, की साहेब, मागचा जुना चराही याच क्लेममध्ये टाकून घेऊ. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते तो तपासनीस, दारावरचा गंज आणि ओरखड्याची दिशा बघूनच ओळखतो, की हे दोन वेगळे प्रसंग आहेत. मग एक तर तो दुसरं नुकसान वगळतो, नाही तर दोन क्लेम धरून दोनदा डिडक्टिबल लावतो. आणि क्लेम फॉर्मवर खोटं लिहिलं हे सिद्ध झालं, तर खरा असलेला क्लेमही हातचा जातो. हा सल्ला कधीही ऐकू नये.

कंपन्या ही रक्कम ठेवतातच कशाला? एक कारण सरळ हिशोबाचं आहे. आठशे रुपयांच्या ओरखड्यालाही तेवढीच कागदपत्रं, तेवढीच तपासणी, तेवढाच वेळ लागतो. असे क्लेम घेतले, तर तो खर्च सगळ्यांच्या प्रीमियममधून निघेल. दुसरं कारण माणसाच्या स्वभावाचं: नुकसानीत आपलाही थोडा वाटा आहे म्हटल्यावर गाडी खांबाला घासणार नाही याकडे जरा जास्त लक्ष राहतं. मला दोन्ही कारणं पटतात. न पटणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे विकताना हे सांगितलं जात नाही.

आता सुरुवातीच्या बिलाकडे येऊ, कारण तिथे डिडक्टिबल फक्त हजार रुपयांचा होता. मग बाकीचे साडेअकरा हजार कुठे गेले? बहुतेक घसाऱ्यात. घसारा आणि डिडक्टिबल या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

कंपनीचं म्हणणं असं असतं, की तुमचा बंपर तीन वर्षं वापरलेला होता, बदल्यात तुम्हाला कोरा बंपर मिळतोय, तेव्हा वापरलेल्या भागाची किंमत तुमची. हे किती कापायचं ते ठरलेलं आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, मग गाडी कालच शोरूममधून निघाली असली तरी. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर मात्र वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि दहाच्या पुढे ५० टक्के. रंगकामात फक्त रंगाच्या मालावर ५० टक्के कापतात, आणि रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा माल धरतात. मजुरीवर घसारा नाही.

हे कोष्टक तयार झालं तेव्हा गाड्यांचं अंग बरंचसं पत्र्याचं होतं. आजच्या कारचा बंपर, ग्रिल, आरशांची घरं, हेडलाइटचं आवरण, चाकांच्या कमानीतलं अस्तर, सगळं प्लास्टिक. समोरून हलकी ठोकर बसली, तर पहिल्यांदा तुटतं ते हेच. म्हणून अगदी नव्या गाडीतही हाताला मोठा चटका बसतो.

आपलं उदाहरण मांडून बघू. १,२०० सीसीच्या आतली कार, वय सव्वातीन वर्षं, समोरून ठोकर. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. बंपर ६,००० रुपये, प्लास्टिक, म्हणून ३,००० कापले. हेडलाइट ९,०००, तोही प्लास्टिकचा, ४,५०० गेले. बॉनेट ८,०००, धातू, चौथं वर्ष चालू, २५ टक्के म्हणजे २,०००. पुढची काच ७,०००, काही कापलं नाही. मजुरी ४,०००, काही नाही. रंगकाम ८,०००, त्यातला माल २,०००, त्याच्या निम्मे १,००० कापले. कूलंट, क्लिपा, नटबोल्ट असा किरकोळ माल १,०००. हा ‘कन्झ्युमेबल’ म्हणून पूर्ण आपल्या माथी. एकूण ४३,०००पैकी ११,५०० गेले. उरले ३१,५००. त्यातून सक्तीचा डिडक्टिबल १,००० वजा. कंपनी देणार ३०,५००.

याच गाडीवर पाच हजारांचा ऐच्छिक डिडक्टिबल असता, तर कंपनीने २५,५०० दिले असते आणि आपले १७,५०० गेले असते. उलट ‘झिरो डेप’ हे जादा प्रीमियमचं जोडसंरक्षण घेतलेलं असतं, तर घसारा माफ होऊन आपले फक्त २,००० गेले असते: हजार डिडक्टिबलचे, हजार कन्झ्युमेबलचे. झिरो डेप म्हणजे शून्य खर्च नव्हे, हे इथे दिसतं. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘बंपर टू बंपर’ म्हणतात आणि त्या नावाने ग्राहकाला वाटतं की सगळंच झाकलं गेलं. डिडक्टिबल कापलाच जातो. टायर आणि बॅटरी अनेक पॉलिसींमध्ये झिरो डेपच्याही बाहेर असतात. वर्षात असे क्लेम किती करता येतील यावरही बऱ्याच कंपन्यांची मर्यादा असते, आणि गाडी जुनी झाली की हे संरक्षण मिळेनासं होतं.

तरीही गाडीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत झिरो डेप घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या कोष्टकातला प्लास्टिकचा ५० टक्के आकडा बघितला की वेगळं कारण द्यायची गरज उरत नाही.

आणि ऐच्छिक डिडक्टिबल घ्यावा का? इथे जरा थांबून आकडेमोड करावी लागते. दर खुले झाल्यापासून प्रत्येक कंपनीची सवलत वेगळी असू शकते, पण जुन्या दरपत्रकातले टप्पे बघितले तरी या सौद्याचं रूप कळतं. २,५०० रुपयांच्या ऐच्छिक डिडक्टिबलला ओन डॅमेज प्रीमियममध्ये २० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ७५० रुपये. ५,०००ला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५००. ७,५००ला ३० टक्के, जास्तीत जास्त २,०००. १५,०००ला ३५ टक्के, जास्तीत जास्त २,५००. टक्का वाढता दिसतो, त्यामुळे मोठा आकडा निवडावासा वाटतो. पण ती ‘जास्तीत जास्त’ची ओळ सगळा हिशोब फिरवते. पूर्ण ७५० मिळाले, तरी २,५००ची जोखीम भरून यायला तीन वर्षं आणि चार महिने क्लेमविना जावे लागतात. ५,०००लाही तेवढेच. १५,०००च्या जोखमीला सहा वर्षं लागतात. म्हणजे जोखीम सहापट घेतली आणि बक्षीस साडेतीन पटीलाही पोचलं नाही. वाचताना आकर्षक वाटणारा सर्वांत मोठा टप्पा प्रत्यक्षात सर्वांत महाग पडतो. तुमच्या कोटेशनमध्ये ऐच्छिक रकमेला मिळणाऱ्या रुपयांतल्या सवलतीने भागून बघा. जे उत्तर येईल, तितकी वर्षं तुम्ही एकही क्लेम न करता काढाल का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

या हिशोबाला दुसरी बाजू आहे ती नो क्लेम बोनसची, म्हणजे एनसीबीची. वर्षभर ओन डॅमेजचा क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी त्या भागाच्या प्रीमियमवर २० टक्के सूट. सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के. एक क्लेम केला, की गाडी पुन्हा शून्यावर.

समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम सवलतीआधी ९,००० आहे आणि सध्या ३५ टक्के एनसीबी मिळतोय. बंपरला चरा गेला, कंपनीकडून साधारण ४,००० मिळतील. घ्यायचे का? क्लेम केला नाही, तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. केला, तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, एकूण १२० टक्के. नऊ हजारांच्या १२० टक्के म्हणजे १०,८०० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा मूळ प्रीमियमही उतरतो, म्हणून खरा तोटा याहून थोडा कमी असेल. तरी चार हजारांसाठी एवढं घालवण्यात अर्थ नाही. असा चरा आपल्या पैशांनी दुरुस्त करावा.

यातून एक गोष्ट लक्षात येते जी मला फार उशिरा उमगली. तुमचा एनसीबी मोठा असेल, तर आठ-दहा हजारांच्या आतले क्लेम तुम्ही तसेही करणार नाही. मग पाच हजारांचा ऐच्छिक डिडक्टिबल घेऊन लहान क्लेमपुरतं तुम्ही फारसं काही सोडत नाही, कारण ते क्लेम तुम्ही करणारच नव्हता. मोठ्या अपघातात मात्र पाच हजार जास्तीचे जातील. ज्याचा एनसीबी भरलेला आहे, गाडी रोज चालत नाही आणि अचानक सहा हजार काढायला अडचण नाही, त्याला हा सौदा परवडू शकतो. नव्याने चालवायला शिकलेल्या, रोज गर्दीतून गाडी काढणाऱ्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतलीत, तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा प्रीमियम मोठा, त्यामुळे ही बचतही मोठी. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले आणि नूतनीकरण झालं नाही, तर जमवलेला सगळा बोनस जातो.

आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू), म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत, हा पॉलिसीवरचा आणखी एक आकडा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर मिळणारी कमाल रक्कम ती हीच. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा काढून तो ठरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, त्यापुढे विमा कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायचा. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षी ४ लाख ८० हजारांची धरली जाते. रजिस्ट्रेशन आणि रोड टॅक्सचे पैसे यात नसतात. ते आणि मूळ बिलाची किंमत परत हवी असेल, तर ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडसंरक्षण घ्यावं लागतं. आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम कमी दाखवायची युक्ती कोटेशनमध्ये सर्रास दिसते, म्हणून दोन कोटेशन्सची तुलना करताना आधी दोन्हीकडचा आयडीव्ही सारखा आहे का ते पाहावं. आणखी एक परिणाम कमी लोकांना माहीत असतो: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. आयडीव्ही जितका कमी, तितकी ही रेषा जवळ. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी गाडीही भंगारात जाऊ शकते आणि हातात येणारी रक्कमही कमी असते.

आता पुराच्या पाण्याबद्दल, कारण महाराष्ट्रात हे दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत अगणित गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराने झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. भिजलेल्या सीट, वायरिंग, साफसफाई, हे सगळं. अडतं ते इंजिनावर. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या अवस्थेत स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते, की हे पुराने नाही, तुम्ही गाडी सुरू केल्याने झालं. हे पुढे ओढवलेलं नुकसान आहे आणि ते पॉलिसीत येत नाही. इंजिनाचं बिल लाखात जातं आणि ते सगळं मालकावर. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोडसंरक्षण याचसाठी असतं, तेही अटी वाचून घ्यावं. आणि पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करून बघायचा मोह काहीही करून आवरा. ढकला, ओढून न्या, फोटो काढा, कंपनीला कळवा. पण चावी फिरवू नका.

क्लेम पूर्णच नाकारला जाण्याची कारणं मोजकी आहेत. दारू पिऊन चालवणं, लायसन्स नसणं किंवा संपलेलं असणं, खासगी नंबरप्लेटची गाडी भाड्याने फिरवणं. झीज आणि नुसता यांत्रिक बिघाडही यात येत नाही; गिअरबॉक्स आपसूक बिघडला, तर तो विम्याचा विषय नव्हे. टायर एकटाच फुटला तर भरपाई नाही, त्याच अपघातात गाडीलाही मार बसला असेल तर निम्मी. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर नोंदवलेलं नसेल, तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला, आणि आग लागली असेल तर तो मोठा वाद. किट बसवलं त्याच आठवड्यात दोन्हीकडे नोंद करून घ्यावी. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर पॉलिसी आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस दिले आहेत. थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेजचा येत नाही, आणि हे लोकांना पहिल्या अपघातानंतर कळतं.

दुरुस्तीआधी सर्व्हेअर येऊ द्यावा, ही अट साधी वाटते, पण ती मोडली की पुरावाच नाहीसा होतो. गॅरेजला तुटलेले भाग फेकू देऊ नका. कॅशलेस असलं तरी तुमचा वाटा तुम्हालाच भरायचा असतो. कॅशलेस म्हणजे कंपनी तिचा भाग थेट गॅरेजला देते, एवढंच. काम सुरू व्हायच्या आधी सर्व्हेअरकडून किंवा गॅरेजकडून अंदाजे हिशोब लिहून मागा: कोणत्या भागावर किती घसारा, डिडक्टिबल किती, कन्झ्युमेबल किती. तो आकडा ऐकून क्लेम करायचाच नाही, असंही ठरवता येतं. क्लेम नोंदवल्यावरही पैसे घेतले नसतील, तर तो मागे घेता येतो का आणि एनसीबी टिकतो का, हे कंपनीला लेखी विचारावं.

कापलेली रक्कम चुकीची वाटली, तर गॅरेजशी भांडून उपयोग नसतो, कारण निर्णय त्याचा नसतो. कंपनीकडे सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कोणत्या ओळीवर हरकत आहे ते तिच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. महाराष्ट्रात मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात, आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र तिथे अर्ज पोचायला हवा.